हेगला केस टाकून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

सल्ला सदर : कायदा आणि हक्क

वाचकाचं पत्र

माझा लहान भाऊ, वय २४. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला सोमवारी संध्याकाळी घरून नेलं. अटक मंगळवारी रात्री दाखवली. बुधवारी पहाटे सरकारी दवाखान्यातून फोन आला की तो गेला. पोस्टमार्टमच्या कागदावर सात जखमा लिहिल्या आहेत, पण मृत्यूच्या कारणापुढे ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन’ एवढंच आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आईचा आणि माझा एकदा जबाब घेतला, त्यानंतर काहीच कळलं नाही. आठ महिने झाले. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, इथे काही होणार नाही, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस टाकू, कुलभूषण जाधवांची टाकली तशी. पावणेदोन लाख सांगितले. वीस हजार आम्ही दिले, मूळ कागद त्यांच्याकडेच आहेत, स्टॅम्प पेपरवर माझी सहीही घेतली. चुलतभाऊ जर्मनीत नोकरीला आहे. तो म्हणतो, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात मी इकडून अर्ज करतो. आम्ही नेमकं कुठे जावं?
— एक बहीण, उत्तर नागपूर

उत्तर

ताई, तुमचा भाऊ पोलिसांच्या ताब्यात असताना गेला. तो कसा गेला याचं उत्तर देणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि ते मागताना तुम्ही कुणाकडे उपकार मागत नाही. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींना मात्र आठवडाभरही थांबता येणार नाही, म्हणून त्या आधी सांगतो.

पहिली, कागद. मृत्यू प्रमाणपत्र, पोस्टमार्टम रिपोर्ट, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, जे जे त्या गृहस्थांना दिलं असेल ते सगळं परत घ्या. पुढे कुठेही गेलात तरी हेच कागद लागणार आहेत. स्टॅम्प पेपरवर घेतलेली सही बहुधा मुखत्यारपत्राची असेल. ते रद्द केल्याची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. नोटिशीत मूळ कागदांची यादी लिहा, दिलेल्या वीस हजारांचा उल्लेख करा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. ते वकील असतील तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, नसतील तर फसवणुकीची तक्रार करता येते. पण त्या भांडणात आत्ता ताकद घालवू नका. आधी कागद हातात येऊ द्या. उरलेला एक रुपयाही देऊ नका.

दुसरी, मुदत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर चौकशी करता येत नाही. मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम ३६ मध्येच तसं लिहिलं आहे. तुमचे आठ महिने गेले, चार उरलेत. हेगच्या नादात हे चार महिने गेले तर ते परत मिळणार नाहीत. तुमच्या बाबतीत खरा धोका हाच आहे.

आता हेग. तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं कलम ३४ सांगतं की या न्यायालयापुढे पक्षकार म्हणून फक्त देश उभे राहू शकतात. माणूस नाही, संस्था नाही, कंपनीही नाही. जगभरातून माणसं या न्यायालयाला अर्ज पाठवत असतात आणि त्यावर आपल्याला काही करता येत नाही, असं न्यायालय स्वतःच जाहीर सांगतं. तुमच्या गृहस्थांनी पावणेदोन लाख घेऊन फार तर असाच एक अर्ज पोस्टात टाकला असता.

पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याचं नाव त्यांनी घेतलं म्हणून तो खटला नेमका काय होता ते पाहा. तो जाधवांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी दाखल केला नव्हता. ८ मे २०१७ ला भारत सरकारने पाकिस्तानविरुद्ध दाखल केला, आणि भारताची बाजू नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी मांडली. तो चालू शकला त्याचं कारण असं की परदेशी कैद्याला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू द्यावा, असं सांगणारा १९६३ चा व्हिएन्ना करार आणि त्यातले वाद याच न्यायालयात नेण्याचा जोडकरार, हे दोन्ही भारताने आणि पाकिस्तानने मान्य केलेले होते. १७ जुलै २०१९ च्या निकालात न्यायालयाने तेवढ्याच कराराच्या चौकटीत पाकिस्तानला दोषी धरलं आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. जाधवांची सुटका करा, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. मानवाधिकारांच्या इतर करारांत शिरायलाही न्यायालयाने नकार दिला, कारण तेवढा अधिकारच त्याच्याकडे नव्हता. दोन देश, दोघांनी मान्य केलेला एक करार आणि त्या कराराबाहेर एक पाऊलही नाही, असं हे काम चालतं. तुमची तक्रार भारतातल्या पोलिसांविरुद्ध आहे. भारत सरकार ती भारताविरुद्ध हेगला कशी नेणार?

हेगमध्येच दुसरं एक न्यायालय आहे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. लोक या दोघांची गल्लत करतात आणि दलालांना ती सोयीची पडते. २००२ पासून सुरू असलेलं हे न्यायालय देशांवर नाही, व्यक्तींवर खटले चालवतं. पण गुन्हे चारच : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. तिथल्या अभियोक्त्याला कुणीही माहिती पाठवू शकतं, फी नाही. मात्र गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा लागतो किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो. याखेरीज संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवलं तरी वाट निघते. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. शिवाय मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणजे सामान्य जनतेवर ठरवून केलेला व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला. कोठडीतला एक मृत्यू कितीही क्रूर असला तरी त्या व्याख्येत बसत नाही. हे लिहिताना आम्हालाही जड जातं, पण तुम्हाला खोटी आशा लावणारे आधीच एक भेटलेत.

चुलतभावाचं म्हणणं मनापासूनचं आहे, पण त्यात एक मोठी चूक आहे, आणि ती बहुतेक सगळेच करतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय माणसांचे अर्ज घेतं हे खरं. अर्जदार कुठल्याही देशाचा नागरिक असला तरी चालतो, हेही खरं. पण तिथे अर्ज कोण करतं आणि कुठून करतं याला महत्त्व नाही, तो कोणत्या देशाविरुद्ध आहे यावर सगळं ठरतं. युरोप परिषदेच्या ४६ सदस्य देशांविरुद्धच्याच तक्रारी तिथे चालतात, आणि त्याही त्या देशाच्या अधिकारकक्षेत घडलेल्या गोष्टींबद्दल. करमजितसिंग चहल हे भारताचे नागरिक होते. त्यांना भारतात परत पाठवू नये म्हणून त्यांनी स्ट्रासबर्गला दाद मागितली आणि १५ नोव्हेंबर १९९६ ला त्यांच्या बाजूने निकाल लागला. तो खटला ब्रिटनविरुद्ध होता, कारण त्यांना परत पाठवण्याचा निर्णय ब्रिटनचा होता आणि परत पाठवलं तर छळाचा धोका आहे हे न्यायालयाला पटलं. भारताला तिथे कुणी उभं केलं नव्हतं, करताही आलं नसतं. तुमच्या चुलतभावाने जर्मनीतून अर्ज पाठवला तरी तक्रार राहील भारताविरुद्ध, आणि ती पहिल्याच छाननीत बाद होईल.

त्याला स्वतःला कधी जर्मन सरकारकडून अन्याय झाला तर मात्र हीच वाट त्याची आहे, म्हणून दोन ओळी त्याच्यासाठी. आधी तिथली सगळी न्यायालयं, कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत, पालथी घालावी लागतात. शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत अर्ज करायचा. १ फेब्रुवारी २०२२ च्या आधी ही मुदत सहा महिने होती आणि इंटरनेटवर अजूनही जुनी मुदत सांगणारी पानं सापडतात. न्यायालयाचाच छापील नमुना पूर्ण भरून, सही करून पोस्टाने पाठवायचा. फी नाही. एखादा रकाना रिकामा राहिला किंवा निकालाची प्रत जोडायची राहिली तर तो अर्ज धरलाच जात नाही, आणि मुदत तशीच पुढे सरकत राहते.

अमेरिका खंडात आणि आफ्रिकेत अशी न्यायालयं आहेत, पण ती त्या त्या खंडातल्या देशांसाठी. आशियात असं न्यायालयच नाही. सार्कचं नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. एखादा भारतीय माणूस भारताविरुद्ध मानवाधिकाराची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जाऊ शकेल, असं एकही आंतरराष्ट्रीय न्यायालय आज अस्तित्वात नाही.

मग संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांचं काय, हा पुढचा प्रश्न कुणीतरी तुम्हाला विचारेलच. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १० एप्रिल १९७९ ला स्वीकारला. जगण्याचा हक्क, छळाला मनाई, अटकेतल्या माणसाला माणुसकीने वागवण्याची हमी, सगळं त्यात आहे. पण त्या कराराखाली व्यक्तीला जीनिव्हातल्या मानवाधिकार समितीकडे तक्रार करता यावी यासाठी वेगळा ऐच्छिक जोडकरार आहे, आणि त्यावर भारताने सही केलेली नाही. नेपाळने आणि श्रीलंकेने तो स्वीकारला आहे, म्हणून तिथला माणूस आपल्या देशातले मार्ग संपल्यावर त्या समितीकडे जाऊ शकतो. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव, वंशभेद, मुलांचे हक्क, अपंगांचे हक्क, हे करारही भारताने स्वीकारले, पण व्यक्तिगत तक्रारीची सोय एकाही ठिकाणी मान्य केली नाही. छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही झाली, पण मंजुरी आजपर्यंत दिलेली नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात छळविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून दिला, तोही पडून आहे. ही सरकारची चूक आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या न्यायालयांवर भरवसा असलेल्या देशाने बाहेरच्या समितीला घाबरण्याचं कारण नाही. पण मत काहीही असलं तरी आज ते दार बंद आहे, आणि त्या दारावर टकटक करण्यात तुमचे महिने जाऊ नयेत.

जीनिव्हात एक खिडकी मात्र उघडी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने नेमलेले विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयावरचे स्वतंत्र तज्ज्ञ. छळासंबंधी एक आहेत, न्यायबाह्य आणि मनमानी हत्यांसंबंधी एक. देशाने कुठल्या करारावर सही केली आहे की नाही हे ते बघत नाहीत, देशातले उपाय आधी संपवा असंही म्हणत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरता येतो, तो फुकट आहे आणि त्यासाठी वकील लागत नाही. एकाच अर्जात दोन्ही प्रतिवेदकांची निवड करता येते. तक्रारीत तथ्य वाटलं तर ते भारत सरकारला पत्र लिहून खुलासा मागतात. सरकारला साधारण ६० दिवस मिळतात. त्यानंतर ते पत्र, आणि सरकारचं उत्तर आलं असेल तर तेही, सार्वजनिक होतं. तुम्हाला वैयक्तिक उत्तर येईलच असं नाही, त्यामुळे अधूनमधून त्यांच्या संकेतस्थळावर शोधत राहावं लागतं.

इथून भरपाई मिळत नाही, कुणाला शिक्षा होत नाही, सरकारवर हुकूम चालत नाही. मग पाठवायचं कशाला? एक तर हे प्रकरण नागपूरच्या फायलीत दबून राहत नाही, दिल्लीतल्या परराष्ट्र खात्याला त्याच्याबद्दल विचारणा होते. दुसरं म्हणजे ते प्रसिद्ध झालेलं पत्र उच्च न्यायालयातल्या याचिकेला जोडता येतं. तेवढ्यासाठी दोन-चार दिवसांची मेहनत नक्की करावी.

अर्ज बाद कशामुळे होतात तेही सांगतो. नुसती वर्तमानपत्राची कात्रणं जोडणं. पोलिसांना शिव्या किंवा एखाद्या पक्षाचं राजकारण. ‘त्याला खूप त्रास दिला’ अशी मोघम वाक्यं. तुम्ही इंग्रजीत दोन पानं लिहून घ्या, तारीखवार. नाव, वय, सोमवारी किती वाजता, किती जण आले, वर्दीत की साध्या कपड्यांत, गाडी कोणती, घरातल्या कुणाच्या देखत, ठाण्यावर तुम्ही कधी गेलात, भेटू दिलं का, दवाखान्याचा फोन किती वाजता आला, मृतदेहावर तुम्ही स्वतः काय पाहिलं. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहा. भावाचं नाव सरकारला कळवलं जाणार हे गृहीत धरा, त्यासाठी आईची लेखी संमती घ्या. माहिती पाठवणाऱ्याचं नाव मात्र गुप्त ठेवलं जातं.

आता नागपूर. तुमच्या प्रकरणाची खरी जागा सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आहे, आणि ‘इथे काही होणार नाही’ हे वाक्य मनातून काढून टाका, कारण तिथे अजून तुम्ही गेलेलाच नाही.

आधी आयोग. कोठडीतला मृत्यू २४ तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवा, अशी सूचना १९९३ पासून आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या नावाने तिथे केस नंबर पडलेला असू शकतो. ऑनलाइन तक्रार करताना त्याचा उल्लेख करा आणि अशी नोंद असल्यास माझी तक्रार तिला जोडा, अशी विनंती लिहा. तक्रार मराठीत चालते, फी नाही. दोन चुका टाळा. एकाच वेळी मुंबईच्या राज्य आयोगाकडेही तक्रार टाकू नका, कारण राज्य आयोगाकडे प्रलंबित असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोगाला हाती घेता येत नाही आणि तेवढ्याच कारणावर फाइल बंद होते. आणि मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राची ‘प्रत माहितीसाठी’ आयोगाला पाठवू नका, अशा प्रती बाजूला पडतात. तक्रार थेट आयोगाच्याच नावाने हवी. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण आयोग पोलिसांकडून रेकॉर्ड मागवू शकतो आणि भरपाईची शिफारस करू शकतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर आयोग ते घेत नाही, म्हणून आयोगाची तक्रार आधी जाऊ द्या. ती याच आठवड्यात करा. तिच्यासाठी उच्च न्यायालय मात्र लांबवू नका.

मॅजिस्ट्रेटची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली होते. त्या चौकशीची माहिती नातेवाइकांना देणं आणि शक्य तिथे त्यांना हजर राहू देणं त्याच कलमात आहे. म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज करा : चौकशी कुठवर आली, पुढची तारीख काय, आम्हाला हजर राहायचं आहे, आमच्या जबाबाची प्रत द्या. व्हिसेऱ्याचा, म्हणजे मृतदेहातून तपासणीसाठी जपून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून आला का आणि डॉक्टरांनी अंतिम मत दिलं का, हेही त्यातच विचारा. आठ महिने ‘मत राखून’ राहणं योग्य नाही. कोठडीतल्या मृत्यूंच्या पोस्टमार्टमचं चित्रीकरण करा, असं आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना कळवलं आहे. त्या चित्रीकरणाची प्रत मागा.

आता कागद हातात घेऊन बसा आणि तीन जागा बघा. पोस्टमार्टम रिपोर्टचा १७ वा कॉलम बाहेरच्या जखमांचा असतो : प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि अंदाजे वय, म्हणजे मृत्यूच्या किती आधीची. मग अटक पंचनाम्यावरची वेळ बघा, खाली साक्षीदार म्हणून घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची सही आहे का ते बघा. तिसरा कागद म्हणजे अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा, त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खालचा. हे तीन शेजारी ठेवले की चित्र दिसू लागतं. मंगळवारी रात्री डॉक्टरांनी ‘ताजी जखम नाही’ लिहिलं असेल तर सातांतल्या ताज्या जखमा त्यानंतर, कोठडीत झाल्या. जखमा लिहिल्या असतील तर सोमवारी संध्याकाळपासून मंगळवारी रात्रीपर्यंत तो कुणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न उभा राहतो. आणि तपासणीचा कागदच नसेल तर तो आणखी मोठा मुद्दा. सोमवारी नेलं आणि मंगळवारी दाखवलं, मधला हा एक दिवस म्हणजे तुमच्या केसचा कणा. शेजाऱ्यांचे जबाब, गल्लीतल्या दुकानाचा कॅमेरा, भावाच्या मोबाइलचं लोकेशन, जे मिळेल ते त्या एका दिवसासाठी गोळा करा.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी आजच लेखी अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सांगितलं की ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने जपावं, तेवढी सोय नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. म्हणजे आदेशाप्रमाणे तुमच्या भावाचं चित्रीकरण अजून असायला हवं. ‘पुसलं गेलं’ किंवा ‘कॅमेरा बंद होता’ असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, राज्यघटनेच्या कलम २२६ खाली फौजदारी रिट याचिका. मागण्या स्पष्ट हव्यात : गुन्हा नोंदवणं, तपास त्या ठाण्याकडून काढून सीआयडीकडे किंवा विशेष पथकाकडे देणं, सीसीटीव्ही आणि स्टेशन डायरी (ठाण्यातली रोजची नोंदवही) सील करणं, चौकशी अमुक मुदतीत पुरी करणं, आणि भरपाई. याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण उशीर का झाला हे विचारलं जातं, म्हणून महिनाभरातच दाखल करा. याचिकाकर्त्या तुम्ही किंवा आई व्हा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयासाठी तिथल्याच विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करायचा, जिल्हा न्यायालयातल्या कामासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मदतीचा फोन १५१००. पावणेदोन लाख घरात राहू द्या.

याच याचिकेत ते आंतरराष्ट्रीय करार तुमच्या कामी येतात. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा २२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असं पोलिसांचं म्हणणं. त्या बाईंनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं, पोलिसांची गोष्ट न्यायालयाने नाकारली आणि १९९३ च्या निकालात दीड लाख रुपये भरपाई दिली. निकालात नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम ९(५) चा आधार घेतला आहे. बेकायदा अटकेबद्दल भरपाई मिळण्याचा हक्क हा तो मुद्दा, आणि नेमक्या त्याच कलमावर भारताने करार स्वीकारताना आक्षेप नोंदवला होता. पुढे १९९६ च्या डी. के. बसू निकालात, आपल्या न्यायालयांनी भरपाईचा हक्क मान्य केल्यावर त्या आक्षेपाला अर्थ उरलेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. जीनिव्हाची समिती तुमची तक्रार ऐकू शकत नाही, पण तिच्या कराराचं कलम नागपूर खंडपीठ वाचू शकतं. १९९३ च्या मानवाधिकार कायद्यानेही आपल्या व्याख्येत आंतरराष्ट्रीय करार घेतले आहेत. वकिलांना हे दोन निकाल आणि संशयास्पद मृत्यूंच्या तपासाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा मिनेसोटा प्रोटोकॉल, २०१६ ची आवृत्ती, आवर्जून दाखवा. तपासात काय व्हायला हवं होतं हे त्यात बारकाईने लिहिलं आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत त्यातलं काय काय झालं नाही हे समोरासमोर मांडता येतं.

ठाण्यातला त्या तासांतला घटनाक्रम फक्त पोलिसांना माहीत आहे, त्यामुळे खुलासा त्यांनी करायचा, हा मुद्दाही याचिकेत हवा. तुमच्याकडे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही म्हणून खचू नका.

चुलतभावाला सांगा, स्ट्रासबर्ग सोड, हे काम कर : तुमच्या मराठी तारीखवार नोंदीचं चांगलं इंग्रजी भाषांतर आणि जीनिव्हाचा ऑनलाइन अर्ज. माहिती पाठवणारा म्हणून त्याचं नाव आणि जर्मनीचा पत्ता दिला तर तुमच्यावर मोहल्ल्यात येणारा दबावही थोडा कमी राहील. आईचं संमतीपत्र मराठीतच लिहा, तिला वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या, आणि खाली इंग्रजी भाषांतर जोडून त्याला स्कॅन करून पाठवा. मूळ प्रत तुमच्याच कपाटात राहू द्या.